पाण्याचा अधिकृत रंग

आमच्या गावच्या नळाला तपकिरी पाणी येतं, ही बाब शासनाने अत्यंत गांभीर्याने घेतली. नियम सोपा होता. पाणी रंगतक्त्यातल्या 'अयोग्य' रंगाशी जुळलं, की गावाला फिल्टर. अडचण एकच, तक्ता कुणाकडेच नव्हता. आणि ग्रेडियंट बनवता येणारी तज्ज्ञ व्यक्ती अख्ख्या गावात एकच होती. मी! दहावी ब.

ग्रेडियंट म्हणजे काय, तर एका टोकाला एक रंग द्यायचा, दुसऱ्या टोकाला दुसरा. मधले सगळे रंग कॉम्प्युटर बिचारा स्वतःच भरतो. मी डावीकडे पांढरा ठेवला, 'योग्य'. उजवीकडे तपकिरी, 'अयोग्य'. लाखनीच्या तालुका कार्यालयातून आलेले साहेब शाळेच्या कॉम्प्युटरपुढे वाकले.

"लगेच तपकिरी? कोणतंही गाव असं एकदम अशुद्ध होत नसतं, बेटा. हळूहळू होतं. सरकव."

मी तपकिरी डावीकडे सरकवला.

"अजून."

सरकवता सरकवता तपकिरी 'योग्य'मध्ये जाऊन बसला आणि 'अयोग्य'ला डांबराचा काळा द्यावा लागला. मग साहेबांना पांढरा खटकला.

"पांढरा छापायला शाई लागत नाही. शाई नाही म्हणजे रंग नाही. काढ. आणि खाली तळटीप टाक, तक्त्यात नसलेले पाणी अयोग्य समजावे."

काढला. टाकली. छापला.

ग्रामसेवक खुशालभाऊंनी नळाचं पाणी पेल्यात घेऊन तक्त्यावर धरलं. योग्य!

"योग्य काहून?" कळशी घेऊन उभ्या शकुनबाई भडकल्या. "या पाण्यात भात शिजवला त पोरं वरण टाकलंच हाये समजून खातेत! मंग तुमीच प्या साहेब!"

साहेबांनी घाईघाईने पिशवीतून स्वतःची बाटली काढली. खुशालभाऊ नियमाचे पक्के. त्यांनी बाटलीही तक्त्यावर धरली. उलटी धरली, आडवी धरली.

"साहेब, तुमचं पाणी तक्त्यात कोठीच नाही."

"मग?"

"मंग अयोग्य. तुमचीच तळटीप हाये न जी."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. तो रंगही तक्त्यात नव्हता.

आठ दिवसांत फिल्टर मंजूर झाला. साहेबांच्या कार्यालयाला.

हसताय ना? आता तुमच्या पेल्यातलं पाणी उजेडात धरा. आरपार दिसतंय? मग आजच अर्ज करा. आमच्याआधी तुमचाच नंबर आहे.