उत्तर ठाऊक नसलेले वानखेडे सर

ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, तो प्रश्न दुसऱ्याला विचारायचा नाही, असा आमच्या शाळेतल्या वानखेडे सरांचा नेम आहे. कोणी एकादशी पाळतं, कोणी सोमवार. सर हे पाळतात. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? एक दिवस करून पाहा. आणि तेही पुण्यात करून पाहा! इथे मंडईतून जड पिशवी घेऊन येणाऱ्या माणसाला "काय, भाजी वाटतं?" असं विचारल्याशिवाय शेजारधर्म पुरा होत नाही. त्यातून हा गृहस्थ पेशानं मास्तर. मास्तरानं असला नेम धरणं म्हणजे हलवायानं साखर सोडण्यासारखं.

मी त्याच शाळेत इतिहास शिकवते. सर विज्ञानाचे. मूळचे विदर्भातले, अचलपूरकडचे; राहतात विश्रांतवाडीला, एकटेच. शाळा सदाशिव पेठेत. ते नवीन आले त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी रीत म्हणून म्हटलं, "डबा खाताय वाटतं?"

त्यांनी हातातल्या भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मनापासून काळजी वाटल्यासारखं विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच शंका आहे का?"

जन्म पेठेत गेला माझा. मला आजवर असं निरुत्तर कोणी केलं नव्हतं.

मग ओळख वाढली आणि नेमाचं कारण कळलं. "हे पाहा बाई," ते म्हणाले, "जगात तीनच माणसं उत्तर माहीत असून प्रश्न विचारतात. पोलीस, सासू आणि मास्तर. तिघांनाही उत्तर नको असतं, समोरचा कुठे चुकतो ते पाहायचं असतं. पोलीस मी झालो नाही, सासू होता येत नाही. मास्तर झालो, तर पोरांच्या मागे हे काहून लावू?"

'काहून' म्हणजे 'का'. त्यांच्या बाकीच्या बोलण्याला पुण्याचं पाणी लागलं, पण हा शब्द काही धुतला गेला नाही.

आता वर्ग कसा चालायचा ते ऐका. सातवीला बाष्पीभवन. कोणीही सुज्ञ शिक्षक व्याख्या फळ्यावर लिहील, मुलं उतरवून घेतील, तास संपेल. सरांनी विचारलं, "तुमच्याकडे टॉवेल वाळायला किती वेळ लागतो? मला माहीत नाही. मी काही तुमच्या घरी आलेलो नाही."

झालं! सातवीच्या पोरांना आजवर कोणी खरा प्रश्न विचारलाच नव्हता. भांडणं जुंपली. कोणाचा टॉवेल दुपारपर्यंत कडकडीत, कोणाचा दुसऱ्या दिवशीही ओलसर. काहून? गॅलरी मागच्या बोळात उघडते म्हणून? घडी घालून टाकला म्हणून? सर मुलांइतक्याच उत्साहानं ऐकायचे. कोणी त्यांनाच कारण विचारलं, की "आधी तुमचं म्हणणं सांगा", आणि म्हणणं सांगितलं, की "असं? मग करून पाहू!" स्वतः उत्तर म्हणून कधी द्यायचे नाहीत. आठवडाभर सदाशिव पेठेत घरोघरी कार्टी दर तासाला टॉवेल चाचपत होती.

पालकसभेत याचा स्फोट झाला. एक गृहस्थ उठले. "आमची मुलगी सकाळपासून ओल्या कपड्यांत हात घालून बसलेली असते. वर बापाला 'काहून' म्हणते. आम्ही फी काय धुणं वाळत घालायला भरतो?"

"मला माहीत नाही," सर अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "तुम्ही काहून भरता?"

त्या गृहस्थांचा तेव्हाचा चेहरा आठवून मी अजून अधूनमधून हसते. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. काटकसरी बाई, शब्दाला शब्द मोजून देतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी सरांना बोलावलं. "वानखेडे, पालकांचं म्हणणं आहे तुम्ही शिकवत नाही. सोमवारी मी तासाला बसणार. पुस्तकातलं शिकवायचं, पुस्तकातलं विचारायचं. नाही जमलं, तर सातवी दुसऱ्यांना देईन. तुम्हाला ग्रंथालय आहेच. तिथली पुस्तकं तक्रार करत नाहीत."

सर स्टाफरूममध्ये येऊन बसले. सातवीवर त्यांचा जीव. "जमेल ना?" मी विचारलं. त्यांनी सातवीचं पुस्तक पुढ्यात ओढलं आणि बाष्पीभवनाचं पान उघडलं.

शनिवारी मी जिन्यावरून उतरत होते, तर खालच्या पायऱ्यांवर सातवीचा अर्धा वर्ग गाईड उघडून पाठांतर करत बसलेला. मध्यभागी सई, वर्गाची मॉनिटर. पालकसभेतल्या त्या गृहस्थांचीच मुलगी ही.

"काय गं, परीक्षा जवळ आली की काय?"

सईनं इकडेतिकडे पाहिलं. "बाई, कोणाला सांगू नका हं. वानखेडे सरांना काहीच येत नाही."

"काय?"

"खरंच. काहीही विचारलं तरी म्हणतात, तुमचं काय म्हणणं. आम्ही आधी मुद्दाम विचारून पाहिलं. एकसुद्धा उत्तर देता येत नाही त्यांना."

"पण स्वभावानं खूप चांगले आहेत हो," अथर्व नावाचा मुलगा घाईघाईनं म्हणाला. "कधी ओरडत नाहीत."

"सोमवारी मोठ्या बाई येणार आहेत," सई म्हणाली. "बाबा म्हणाले, सरांना जमलं नाही तर वर्ग काढून घेणार. म्हणून आम्ही धडा वाटून घेतलाय. पहिल्या बाकाकडे व्याख्या, दुसऱ्याकडे वारा, तिसऱ्याकडे हवेतला दमटपणा. सर अडले, की हळूच सांगायचं."

आता खरं म्हणजे मी सांगायला हवं होतं, की मुलांनो, तुमचे सर पदार्थविज्ञानात एम.एस्सी. आहेत, तेही पहिल्या वर्गात. पण मी इतिहासाची शिक्षिका. इतिहास घडत असताना आपण मध्ये तोंड घालू नये, एवढं मला कळतं. "चालू द्या," म्हटलं आणि उतरले.

सोमवारी माझा तास मोकळा होता, आणि नसता तरी मी केला असता. मोठ्या बाईंच्या शेजारी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात खडू. फळ्यावर 'बाष्पीभवन' लिहिलं आणि वर्गाकडे वळले.

"बाष्पीभवन म्हणजे..." ते म्हणाले आणि थांबले. 'काय' हा शब्द काही केल्या बाहेर येईना. घसा खाकरला. "बाष्पीभवन म्हणजे..." पुन्हा तेच. नेम मोडताना माणसाची जी अवस्था होते ती झाली होती.

"द्रवाचं वाफेत रूपांतर, सर!" पहिल्या बाकावरून कुजबुज आली. चार बाकांपलीकडे ऐकू जाईल अशी.

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला.

सरांना काही कळेना. तेवढ्यात सई उठली, पुढे गेली, त्यांच्या हातातला खडू घेतला आणि दंडाला धरून त्यांना स्वतःच्या जागेवर बसवलं. त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. मग फळ्यापाशी उभं राहून तिनं सुरुवात केली. व्याख्या गाईडमधली होती, पण उदाहरण स्वतःच्या टॉवेलचं. दुसऱ्या बाकानं वाऱ्याचं सांगितलं. तिसरा बाक म्हणाला, वारा असूनही श्रावणात कपडे वाळत नाहीत, ते काहून? चौथ्या बाकाला हे पटेना. कोणी फळ्यावर गॅलरीचं चित्र काढलं, कोणी ते पुसून नीट काढलं. मोठ्या बाई बसल्या आहेत, हे पोरं विसरून गेली. विसरला नव्हता फक्त अथर्व. त्यानं मागे वळून विचारलं, "बाई, तुमच्याकडे किती वेळ लागतो?"

"माझ्याकडे?" मोठ्या बाई दचकल्या. "दोन दिवस. आणि वास येतो."

वर्गानं एकमुखानं त्यांना दोरी कुठे बांधावी ते सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. पहिल्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, वानखेडे सर ऐकत होते.

घंटा झाली. दारापाशी मोठ्या बाई थांबल्या. "वर्गाची तयारी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "शिक्षकांनी थोडं वाचत जावं. सातवी तुमच्याकडेच ठेवते." आणि गेल्या. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, असं मी शपथेवर सांगते.

स्टाफरूममध्ये मला हसू आवरेना. डोळे पुसत मी सगळं सांगितलं: पायऱ्या, गाईड, वाटून घेतलेला धडा. "अहो, आता तरी सांगा पोरांना! तुम्हाला ढ समजतात ती."

सर हसले नाहीत. खिडकीशी उभे होते. "राहू द्या," म्हणाले.

"असं कसं राहू द्या?"

"मला बसवताना ती पोरगी कानात म्हणाली, 'सर, घाबरू नका. आम्ही आहोत.'" मग पुण्याचं पाणी ओसरलेल्या आवाजात बोलले, "मी घर सोडून निघालो ना बाई, तवा माय मले एसटी स्टँडवर असं म्हणाली होती. घाबरू नको, आम्ही आहोत. त्यानंतर कोणी म्हटलं नाही. आजच."

मी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत राहिले.

संध्याकाळी शाळा सुटली. फाटकाशी सई सरांना थांबवून समजावत होती. "पुढचा धडा ध्वनीचा आहे, सर. वाटतो तेवढा अवघड नाहीये. रोज थोडं थोडं करू या आपण."

सर तिच्या उंचीला वाकून ऐकत होते. "हाव," मान डोलावत म्हणाले. "करू."