पयले लाईन बंद, मंग सलाम

हमीदभाई आमच्या घरी आले की आधी आमची लाईट जाते. मेन स्विच व्हरांड्यात आहे. बेल न वाजवता ते तो खाली ओढतात आणि मग दारातून हाक देतात, "सर, सलाम!" आत मिक्सर अर्ध्या चटणीत थांबतो आणि माझी बायको मंदा म्हणते, "आले तुमचे दोस्त." नुसतं बसायला आले तरी हाच शिरस्ता. एकदा विचारलं, तर म्हणाले, "बिजलीशी मस्करी नाई, सर. पयले लाईन बंद, मंग सलाम."

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये विजेच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. आता गुडघे बोलतात, पण खांद्यावरची पिशवी काही उतरत नाही. आमच्यापासून चौथं घर त्यांचं. भाभी गेल्यापासून एकटेच असतात.

मी भूगोलाचा मास्तर. कोणत्या देशात किती वाजले हे जन्मभर पोरांना शिकवलं, पण घरचा गिझर बंद करायचं एक दिवस लक्षात राहिलं नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही पुसदला लग्नाला गेलो. दोन दिवसांनी कुलूप उघडलं, तर न्हाणीघरातला लाल दिवा आमची वाट पाहत होता. मंदानं नळ सोडून मला नुसती वाफ दाखवली. "आन् म्हणे शिकलेला माणूस!" एवढंच बोलली. मी हमीदभाईंकडे पळालो.

त्यांनी टायमर आणला. गोल तबकडीचा, काठाला बारीक खुंट्या. ज्या वेळच्या खुंट्या दाबाल त्या वेळी गिझर चालू, बाकी वेळ बंद.

"मोबाईलवर चालणारा नसतो का?" मी विचारलं.

"असते ना. पण सर, तुमाले मोबाईल चालवता येते का?"

विषय संपला. सकाळी सहा ते सातच्या खुंट्या दाबल्या.

टायमरमध्ये एकच खोट होती. लाईन गेली की तबकडीही थांबायची आणि लाईन आली की तिथूनच पुढे चालायची. दिग्रसमध्ये दीड तास लाईन गेली की आमच्या न्हाणीघरात दुबईची वेळ. अडीच तास गेली की मॉस्कोची, आणि सकाळी पाणीही मॉस्कोचंच. म्हणून हमीदभाई रोज सकाळी येऊन तबकडी पुढे करायचे.

खोट त्यांच्यातही एक होती. तबकडी आधी बरोबर लावायचे, मग चहाला बसायचे, आणि मेन वर करायचे ते चहा-गप्पा उरकल्यावर. तेवढ्यात तबकडी पुन्हा पाऊण तास मागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हमीदभाई. मी म्हणायचो, "अहो, आधी मेन तरी टाका!" ते कपाळाला हात लावायचे. "ध्यानातच नाई रायत, सर. उमर झाली." चार महिने मी हे खरं मानलं. सांगितलं ना, शिकलेला माणूस.

मग मला त्यांच्या गुडघ्यांची दया आली. यवतमाळहून मी बॅटरीवाला टायमर आणला. तोही लावायला त्यांनाच बोलावलं, वर ऐटीत सांगितलं, "आता लाईन गेली तरी याची वेळ हलत नाही. तुमचे हेलपाटे वाचले!"

हमीदभाईंनी तो उलटून पालटून पाहिला. "मंग रोज पाहाची गरज नाई?"

"बिलकुल नाही!"

"चांगली चीज हाय." त्यांनी तो नीट बसवला. जुना पिशवीत टाकला. त्या दिवशी मात्र चहाच्या आधीच मेन वर केला, आणि कप अर्धा ठेवून गेले.

पुढे बारा दिवस आमची लाईट एकदाही सकाळी गेली नाही. पाणी घड्याळाच्या ठोक्याला गरम. मी खूश. तेराव्या दिवशी मंदानं कप माझ्यापुढे आदळला.

"तीन कपाचं आधण ठेवते अन् एक कप ओतून देते. भाभी गेल्यापासून तो माणूस सकाळचा पयला शब्द आपल्या घरी बोलत होता. तुमाले दिसलं नाई? का तेबी नकाशात पायजे होतं?"

माझी मलाच लाज वाटली. चप्पल घालून चौथ्या घरी गेलो. हमीदभाई ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"हमीदभाई, नवा टायमर काही जमत नाही."

ते आले. मेन पाडला, सलाम केला. टायमर उघडून बराच वेळ पाहिला.

"याच्यात काही खराबी नाई, सर."

"माझ्यात आहे. जुनाच बसवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीत हात घातला. जुना टायमर अगदी वरच होता, फडक्यात गुंडाळलेला. बसवून झाल्यावर माझं घड्याळ पाहून त्यांनी तबकडी मिनिटाला मिनिट लावली आणि खुर्चीत बसले. मंदानं तीन कप आणले.

मेन खालीच होता. हमीदभाईंनी भाभींच्या हातच्या भाकरीची आठवण काढली होती, आणि मंदा मिक्सर सोडून खलबत्त्यात चटणी कुटत ऐकत होती. मी एकदा व्हरांड्याकडे पाहिलं.

"राहू द्या," मंदा हळूच म्हणाली.

मी तरी कुठं उठत होतो?