अण्णांची छोटी कॅसेट

"आली डबी!" दुकानातून परतलेला चष्मेवाला दारातूनच ओरडला.

खोक्यातून निघाली काडेपेटीएवढी डबी आणि तीन रंगांच्या वायरी.

"कॅसेट इकडून आत, कॉम्प्युटरवर फाइल तिकडून बाहेर. आठवडाभर अभ्यास करून निवडलीय."

"आणि कॅसेट फिरवणार कोण बाबा? तुम्ही, बोटानं?" मुलगी म्हणाली.

कॅसेटला प्लेअर लागतो, हे त्या आठवडाभराच्या अभ्यासात आलंच नव्हतं.

बायकोला डबीबिबीशी घेणंदेणं नव्हतं. तिचे वडील, अण्णा, जाऊन वर्ष होत आलेलं. त्यांचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता: नातीच्या पहिल्या वाढदिवसाला ते गायले, त्या कॅसेटमध्ये. शूटिंग केलं होतं जावयानं, म्हणजे चष्मेवाल्यानंच. "रविवारी भाऊ येतोय," ती एवढंच म्हणाली. "त्याच्यासोबत ऐकायचंय मला."

मेव्हणा येणार म्हटल्यावर चष्मेवाला पेटलाच. जुन्या बाजारातून त्यानं एक अवजड व्हिडिओ प्लेअर खांद्यावरून आणला आणि विजयी वीरासारखा टेबलावर आपटला. मग बायकोनं कपाटातून कॅसेट काढली. ती तळहातावर मावेल एवढी, आणि प्लेअरचं तोंड पाणघोड्याएवढं.

"साइज बघितला नव्हता?" मुलगी म्हणाली.

"साइजचं काय एवढं? मोठ्यात छोटं जातंच की."

गेलं. खडखड झालं आणि ते आतच बसलं.

"अहो, माझे अण्णा आहेत त्यात!" बायको किंचाळली.

प्लेअरचे स्क्रू जाडजूड आणि घरात स्क्रूड्रायव्हर फक्त चष्म्याच्या दांड्यांचे. तीन मोडले, तेव्हा कुठे झाकण उघडलं. कॅसेट धडधाकट निघाली. चष्मेवाल्याचा अंगठा तेवढा सोलला.

"ही ज्या कॅमेऱ्यात शूट केली, त्यातच वाजते," मुलीनं मोबाइलवर शोधून सांगितलं. "कुठाय तो?"

वापरात नसलेला तो कॅमेरा चष्मेवाल्यानंच आपल्या दुकानाच्या छताला ठोकला होता. खाली पाटी होती, 'तुमच्यावर नजर आहे'. कित्येक वर्षं तो वीज न खाता चोरांना भीती घालत होता.

रविवारी कॅमेरा खाली उतरला, जाळी झटकली, वायरी लागल्या. मेव्हणा सोफ्यावर मांडी ठोकून बसला, जरा जास्तच खुशीत. "आज तर बघायचंच आहे, भाऊजी!"

स्क्रीनवर आधी चपला आल्या. मग टेबलाचा पाय. मग चष्मेवाल्याचा स्वतःचा गुडघा, बराच वेळ. एकदाचे अण्णा दिसले, घसा खाकरताना. मागून चष्मेवाल्याचा आवाज, "हं अण्णा, म्हणा आता!"

टक. आणि लगेच टाळ्या. पुन्हा गुडघा.

गाणं गायब. त्या दिवशी चष्मेवाल्यानं सुरू करायला बटण दाबलं की कॅमेरा बंद व्हायचा आणि बंद करायला दाबलं की सुरू. सगळं उलटं चाललं होतं.

बायकोचा चेहरा पार उतरला. चष्मेवाला सोलल्या अंगठ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात गुडघ्याच्या पलीकडून अण्णांची कुजबुज आली, अगदी स्वच्छ.

"बघितलंस? कॅमेऱ्याचा दिवा आत्ता लागला. म्हणजे मी गाताना बंद! लोकांचे डोळे तपासतो, आणि एवढा लाल दिवा दिसत नाही गाढवाला! सांगू नकोस हं त्याला. घामाघूम झालाय बिचारा."

पाठोपाठ मेव्हण्याचं पोरसवदा खिदळणं.

"तुला माहीत होतं?" बायको भावावर उसळली.

"अण्णांना शब्द दिला होता, ताई."

मग बायको मुलीला म्हणाली, "परत लाव."

मुलीनं परत लावलं. मग परत. चौथ्यांदा बायको डोळे पुसत होती आणि हसतही होती, इतकी की तिला उचकी लागली.

अण्णांचं ते बोलणं आता तिच्या मोबाइलची रिंग आहे, पण फक्त नवऱ्याच्या फोनला. दुकानातून त्यानं फोन लावला की ती घाई करत नाही. गाढवापर्यंत सगळं ऐकते आणि मगच उचलून म्हणते, "हं, बोला."