आप्पांचे मागचे दिवे

आमच्या भेस्तानच्या सोसायटीत सकाळी कुणालाही बाहेर पडायचं असलं, की तो आधी गॅलरीतून खाली वाकून बघतो. आप्पा गाडीत बसलेले दिसले, तर तो मुकाट घरात जातो आणि आणखी एक चहा घेतो. मला ही चैन परवडत नाही. मी साड्यांच्या शोरूममध्ये काम करते आणि उशिरा आलेल्या बाईकडे आमच्या मॅडम ज्या नजरेने बघतात, ती मला सोसत नाही.

आप्पा आमच्या समोरच्या दारात राहतात, एकटेच. कडोदऱ्याच्या लूम कारखान्यात त्यांनी जन्मभर मास्तरकी केली, म्हणजे बंद पडलेले माग दुरुस्त केले. मूळचे आमच्यासारखेच धुळ्याकडचे. जे आपल्या डोळ्यांना दिसत नाही ते खरं मानायचं नाही, हा त्यांचा धर्म. आता गाडी चालवणाऱ्याला गाडीतलं सगळं दिसतं, फक्त ब्रेक दाबल्यावर मागे लागणारे लाल दिवे दिसत नाहीत. त्यामुळे रोज सकाळी गाडीमागे एक माणूस उभा केल्याशिवाय आप्पा जागचे हलत नाहीत.

"संगीता, मांगे उभी ऱ्हाय जरा," अशी हाक येते. मी डबा आणि पर्स सावरत गाडीच्या मागे जाते. मग खिडकीतून सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असा प्रश्न येतो, "पेटना का?" मी म्हणायचं, "पेटला." मग, "दोन्ही?" मी म्हणायचं, "दोन्ही." एवढं झाल्यावर माझ्या आईचा गुडघा कसा आहे, घरी कोणती भाजी केली, हे विचारून होतं आणि मग आप्पा गाडी काढतात. जातात कुठे, तर गल्लीच्या टोकाला, दुधाच्या दुकानापर्यंत.

तुम्ही म्हणाल, दुसरं कुणी का नाही उभं राहत? त्याचं असं आहे, की आप्पा बघणाऱ्याचीही परीक्षा घेतात. कधीकधी ते ब्रेक दाबतच नाहीत आणि नुसतंच विचारतात. तळमजल्यावरचे हसमुखभाई त्यात सापडले. वर्तमानपत्रातून डोकं न काढता त्यांनी "बराबर छे, काका" म्हणून टाकलं आणि त्या दिवसापासून आप्पांच्या लेखी हसमुखभाई संपले. हळूहळू सगळेच असे बाद झाले. मी मूर्खासारखी खरं बोलत राहिले, म्हणून उरले.

मला त्याची किती लाज वाटायची म्हणून सांगू! शोरूमची मरून साडी, केसांत क्लिप, आणि मी भर रस्त्यात एका जुनाट गाडीच्या पाठीशी उभी राहून "पेटला, पेटला" ओरडते आहे. एकदा आमच्या मॅडम स्कूटरवरून जाताना थांबून बघत राहिल्या. दुपारी जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, की तुमच्यात गाडीची आरती रोज करतात का? त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

आणि श्रावणात एका सकाळी, आप्पांनी खरोखर ब्रेक दाबलेला असताना, मी पहिल्यांदाच म्हणाले, "नाही पेटला."

आप्पांनी पुन्हा दाबलं. नाही. उतरून मागच्या दिव्याच्या काचेवर बुक्की मारली. नाही. त्याच दिवशी नवे बल्ब आणायला म्हणून ते तशीच गाडी घेऊन निघाले आणि उधन्याच्या सिग्नलला एक रिक्षा मागून येऊन धडकली. लागलं कुणाला नाही, पण बातमी त्यांच्या मुलाच्या, विजयच्या, कानावर गेली. विजय हजीऱ्याला एका प्लांटमध्ये आहे आणि तिकडेच कॉलनीत राहतो. त्याने फोनवर सांगून टाकलं, की कानबाईच्या रविवारी मी येतोय, तोवर दिवे लागले नाहीत तर गाडी भंगारात देणार.

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. आणि मला, खोटं कशाला बोलू, मनातून बरं वाटलं. गाडी गेली की माझी सुटका.

पण आप्पा हार मानणारे नव्हते. लूम बंद पडला की मास्तर आधी तुटलेली तार, म्हणजे धागा, शोधतो, तसे ते गाडीत शिरले. बल्ब बदलले. फ्यूज बदलला. बल्बच्या खोबणी घासून लख्ख केल्या. डिकीतलं कापड उचकटून वायरी बोटांनी चाचपल्या. "तार कोठे तरी तुटेल शे," एवढं एकच वाक्य सारखं तोंडात. आणि दर वेळी बघायला मागे मी. तो सगळा आठवडा मी सोसायटीला एकच गोष्ट ओरडून सांगितली, की नाही पेटला.

रविवार उजाडला. आमच्या खान्देशी मंडळींत कानबाई म्हणजे केवढा सण! चौकात मांडव, ढोल, नव्या साड्यांतल्या बायका. विजय आला आणि देवीच्या पाया पडून थेट गाडीत शिरला. डोकं खाली, पाय बाहेर. थोड्या वेळाने तो हातात काळ्या दोऱ्यांचा एक गुंता घेऊन वर आला.

दर दसऱ्याला आप्पा गाडीची पूजा करत आणि नजर लागू नये म्हणून ब्रेकच्या पेडलला काळा दोरा बांधत. जुना सोडायचा नाही, त्यावरच नवा, अशी त्यांची रीत. पेडलच्या वर एक बटण असतं. पाय दिला की ते सुटतं आणि मागचा दिवा लागतो. या गाठींचा गोळा सरकत जाऊन त्या बटणावर घट्ट बसला होता, म्हणून ते सुटतच नव्हतं. गुंता निघाला तसे दोन्ही दिवे लागले.

"आप्पा, फॉल्ट तुम्हीच बांधून ठेवला होता," विजय म्हणाला.

मांडव हसला. हसमुखभाई तर खुर्चीवरून पडायचे बाकी होते. आप्पा तो गुंता तळहातावर घेऊन उभे राहिले. त्यांची मान खाली होती.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मॅडमचं ते वाक्य, तो घास, सगळं एकदम वर आलं. आमच्या शोरूमच्या टेम्पोवाल्याने सांगितलेली युक्ती मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली, की गाडीची पाठ भिंतीला लावा, ब्रेक दाबा, भिंतीवरचा लाल उजेड आरशात दिसतो. त्याला माणूस लागतो कशाला?

आणखी एकदा हशा झाला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "माले माहीत शे, बेटा. पन भिंत बोलस का?"

आणि ते वर निघून गेले. कानबाईच्या प्रसादालाही खाली आले नाहीत. मला माझ्याच नव्या साडीची लाज वाटायला लागली. इतके दिवस मी दिव्यांचाच विचार केला होता. या माणसाशी दिवसभरात दुसरं कोण बोलतं, हे समोरच्या दारात राहून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी माझ्या सख्ख्या भावानेही कधी रोज केली नाही.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. मी जिना उतरले तर आप्पा गाडी मागे घेत होते, कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून. मला पाहिलं आणि नजर आरशात वळवली. गॅलरीत हसमुखभाई होते, रस्त्यावर माणसं होती. मला उशीर झालेला होता.

गाडी थांबताच मी डबा छातीशी धरला आणि गाडी व भिंत यांच्या मधल्या अरुंद जागेत शिरले. पाठीला चुना लागला. आरशात आता त्यांना माझ्याशिवाय काही दिसत नसणार. आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाजूले व्हय बेटा. माले काही दिखत नही."

"मग मला विचारा ना, आप्पा," मी म्हणाले.