किल्ली बसने येतेय

सकाळी साडेसातला नवी गाडी इमारतीच्या फाटकात उभी होती आणि तपासनीस तिच्या पाठीमागे वाकून चौथा पट्टा आवळत होते. खरं तर सायकलींच्या कॅरिअरला तीनच पट्टे लागतात, सोबतच्या कागदावर तसं चित्रच होतं. पण ज्या माणसाने उभं आयुष्य लोकांच्या लिफ्टा तपासण्यात घालवलं, त्याला चित्रावर विसंबून चालत नाही. जे टांगलेलं आहे ते कधी ना कधी पडणार, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांच्यापाशी होतं आणि ते त्यांना आजवर पुरलं होतं. म्हणून कॅरिअरवरच्या दोन्ही सायकली, एक शर्यतीची आणि एक जादाची, आधी कॅरिअरला कुलूप घालून, मग एकमेकींना कुलूप घालून, वर साखळीने बांधलेल्या होत्या. तिन्ही कुलपांच्या किल्ल्या गाडीच्या किल्लीबरोबर एकाच कडीत होत्या, कारण किल्ल्या एकत्र असल्या की हरवत नाहीत. कडी तपासनिसांच्या खिशात होती.

"अहो, पुरे आता. लेकीची शर्यत आहे, हत्ती नेत नाही आपण," सिस्टर पुढच्या सीटवरून म्हणाल्या. सिस्टर म्हणजे तपासनिसांची बायको. वॉर्डात पंचवीस वर्षं काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, आणि नवराही भांडण नसेल तेव्हा सिस्टरच म्हणायचा.

"निघतोय. गाडी चालूच करून ठेवलीय."

"चालू आहे?"

"आहे. बॅटरीवर आहे, म्हणून आवाज नाही."

सिस्टरना हे पटायला जड जात होतं. त्यांची जुनी गाडी डिझेलची होती. ती सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावरची तान्ही मुलं उठायची. ही अकरा दिवसांपूर्वी आलेली हायब्रीड सुरू झाली की काहीच व्हायचं नाही. मनात आलं तर तिचं इंजिन बोलायचं, नाहीतर गप्प. सासूबाई अबोला धरायच्या, त्याची सिस्टरना आठवण व्हायची.

मागच्या सीटवर भिंगरी बसली होती. एकोणीस वर्षांची, शर्यतीचे कपडे घालून, हेल्मेट मांडीवर. आज निवडीची शर्यत होती. पहिल्या सहांत आली तर संघात, नाहीतर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी वयाची अट संपत होती, म्हणजे पुढचं वर्ष नव्हतंच. साडेआठला सायकल तपासणीचं टेबल बंद, पावणेनऊला शर्यत सुरू. मैदान तीस किलोमीटरवर.

"पंप राहिला," तपासनीस म्हणाले आणि जिन्याकडे पळाले.

त्याच वेळी बाहेरून एक सामानाचा ट्रक आला आणि फाटकाला नाक लावून भोंगा वाजवू लागला. कुणीतरी घर बदलत होतं. ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून असा काही हलवला की सिस्टर निमूटपणे ड्रायव्हरच्या सीटवर सरकल्या. ट्रकवाला जरासा मागे हटला, तशी त्यांनी गाडी बाहेर काढली. गाडीने टीं-टीं-टीं केलं.

"आई, ती काहीतरी म्हणतेय."

"म्हणू दे. कॅरिअर लावल्यापासून ती म्हणतेच आहे. मागे कोणीतरी आहे म्हणते, डिकी नीट लागली नाही म्हणते."

"समोर काहीतरी लिहून पण आलंय."

"डिकीचंच असेल. वॉर्डात राहिलेल्या माणसाला कळतं गं, कुठल्या टीं-टींकडे धावायचं आणि कुठल्या टीं-टींकडे बघायचंसुद्धा नाही."

बाहेरचा रस्ता एकेरी. मागून रिक्षा, रिक्षामागे शाळेची बस. थांबायला जागा नाही, वळायला जागा नाही. परत फाटकाशी यायचं तर मोठा वळसा, वीस मिनिटांचा. तेवढ्यात तपासनिसांचा फोन आला. भिंगरीने स्पीकरवर टाकला.

"कुठे गेलात?"

"ट्रकने हाकललं. वळून येऊ का?"

क्षणभर फोनवर नुसता पंपाचा खुळखुळाट ऐकू आला. "नको. उशीर होईल. तुम्ही जा पुढे, मी येतो बसने."

हा त्यांचा त्याग सिस्टरना मनापासून आवडला. तो पुरता आवडून व्हायच्या आत फोन पुन्हा वाजला. या वेळी आवाज असा होता, जणू लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे आणि आत माणसं आहेत.

"अगं, किल्ली माझ्या खिशात आहे."

"मग गाडी कशी चालतेय?"

"एकदा चालू झाली की किल्लीशिवाय चालते. पण बंद केलीस की संपलं, परत सुरू होणार नाही. काही झालं तरी बंद करू नकोस."

"मी कशाला बंद करू?"

"करू नकोस एवढंच म्हणतोय. त्या बटनाच्या आसपास हातसुद्धा नेऊ नकोस."

सिस्टरनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं, जसं बाळंतीण पहिल्यांदा आपलं मूल धरते. अर्धा किलोमीटर सगळं ठीक चाललं. मग पहिला लाल सिग्नल आला, गाडी थांबली आणि इंजिनाची उरलीसुरली घरघरही थांबली.

"गेली," सिस्टर म्हणाल्या.

"कुठे गेली?"

"बंद पडली. मी हात लावला नव्हता हं, तू साक्षीला आहेस."

"आई, ती हायब्रीड आहे. सिग्नलला अशीच गप्प बसते."

"गप्प बसणं आणि जाणं यातला फरक मला मॉनिटरवर दिसतो. इथे कुठे बघायचं?"

भिंगरी पुढे वाकली. "हा हिरवा दिवा बघ. तो आहे तोवर जिवंत."

"मग तू त्याच्यावर लक्ष ठेव. मला रस्ता बघू दे."

त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक सिग्नलने त्यांच्यासाठी लाल व्हायचं ठरवलं होतं. दर सिग्नलला गाडी निपचित व्हायची, सिस्टरच्या मानेवर घाम यायचा आणि त्या समोर बघत विचारायच्या, "नाडी?"

"आहे."

"नक्की?"

"आहे, आई. हिरवा आहे. जा."

अकराव्या सिग्नलला भिंगरीचा आवाज जरा बारीक झाला. सिस्टरनी आरशात पाहिलं. पोरगी आठवडाभर धड झोपली नव्हती, आज तिने शांत बसून पाय सैल सोडायचे होते, आणि इथे ती आईला गाडीच्या नाडीचे ठोके सांगत होती. "बस तू मागे," त्या म्हणाल्या. "मी बघते दिवा." पण पुढच्या सिग्नलला त्यांच्या तोंडून पुन्हा "नाडी?" गेलंच, आणि मागून "आहे" आलंच.

आठ वाजून एकवीस मिनिटांनी गाडी मैदानाच्या फाटकात पोचली. तिथे वॉचमन उभा होता. त्याच्यामागे फळी, फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक किल्ली.

"गाडी बंद करा. किल्ली इथे द्या."

"किल्ली कशाला?"

"आत गाड्या दाटीवाटीने लावल्यात. एकीला काढायचं तर चौघींना हलवावं लागतं. किल्लीशिवाय कुणाला आत सोडत नाही."

"किल्ली येतेय."

"कुठून?"

"बसने."

वॉचमनने त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "बरं. निदान गाडी बंद तरी करा."

सिस्टरनी आयुष्यात रोग्यांच्या नातेवाइकांशी खूप वेळा निम्मं खरं बोललेलं होतं. "आवाज येतोय का?" त्यांनी विचारलं.

वॉचमनने बॉनेटला कान लावला. आत शांतता. त्याचा चेहरा निवळला, आणि तेवढ्यात बॅटरीला काय वाटलं कोण जाणे, इंजिन आपणहून सुरू झालं. वॉचमन दोन हात मागे उडाला. तिथून पुढे तो गाडीशी जरा आदरानेच वागला, पण आत मात्र सोडेना. तोवर मागे तीन गाड्या येऊन थांबल्या होत्या. मागे जाता येईना, पुढे वॉचमन जाऊ देईना.

भिंगरी नाव नोंदवायला धावली आणि एका शिट्टीवाल्या गृहस्थांना घेऊन परत आली. सायकल तपासणीचं टेबल त्यांचं होतं.

"सायकल टेबलापाशी आणायची असते," शिट्टीवाले म्हणाले.

"कुलूप आहे," भिंगरी म्हणाली.

"उघडा."

"किल्ली बसमध्ये आहे," वॉचमनने माहिती पुरवली.

शिट्टीवाल्यांनी कॅरिअर पाहिलं. तीन कुलपं, साखळी, चार पट्टे. "कुणी चोरायला टपलंय का?"

"आमचे हे लिफ्ट तपासतात," सिस्टर म्हणाल्या. "दादा, रोगी टेबलापाशी येत नसेल तर डॉक्टर खाटेपाशी जातात. ब्रेक तिथे आहेत, चाकं तिथे आहेत. तुम्ही लटकलेली सायकल तपासली तर नियमाचं काय बिघडणार आहे?"

शिट्टीवाल्यांना असं कुणी कधी विचारलं नसावं. त्यांनी गुडघ्यावर बसून ब्रेक दाबले, चाक फिरवून पाहिलं आणि साडेआठला एक मिनिट कमी असताना सायकलीला नंबर बांधला. "पावणेनऊला ही रेषेवर हवी. गाडीसकट आणू नका."

फोन वाजला. तपासनीस होते.

"बस हलतच नाहीये गं. पुढे कुण्या शहाण्याने मैदानाच्या फाटकातच गाडी घातलीय म्हणे. सगळा रस्ता तुंबलाय. माणसांना काही अक्कल असते की नाही?"

सिस्टरनी मागे लागलेली रांग पाहिली. "निळी आहे का ती गाडी?"

"इथून दिसत नाही."

"निळी आहे. उतरा आणि पळा."

आठ एकेचाळीसला तपासनीस आले. ऑफिसचे बूट, काखेत पंप, तोंड उघडं. धाप इतकी लागली होती की पहिल्या कुलपाची किल्लीच सापडेना. भिंगरीने कडी त्यांच्या हातून घेतली, तिन्ही कुलपं उघडली, सिस्टरनी पट्टे सोडवले, चौथा दातांनी. सायकल खाली उतरली तेव्हा तीन मिनिटं उरली होती. पोरगी वाऱ्यासारखी गेली आणि भोंगा वाजायला आणि ती रेषेवर पोचायला एकच गाठ पडली.

सिस्टर गाडीला टेकल्या. सकाळपासून धरून ठेवलेला श्वास त्यांनी सोडला.

"आता घ्या बाबा ती आत," वॉचमन म्हणाला. मागे चौदा वाहनं होती, त्यांतली एक बस.

तपासनीस गाडीत बसले. कामाची शिस्त हाडीमांसी मुरलेली: कुठलीही गोष्ट हलवायची तर आधी पूर्ण बंद करायची, मग नव्याने सुरू करायची. त्यांनी बटन दाबलं. हिरवा दिवा गेला. त्यांनी पुन्हा बटन दाबलं. टीं-टीं-टीं. समोर अक्षरं उमटली: किल्ली सापडत नाही.

त्यांनी डावा खिसा चाचपला. उजवा. पंपसुद्धा हलवून पाहिला. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना आठवलं की भिंगरीने कडी हातातून घेतली होती ती परत दिली नव्हती. तिच्या जर्सीच्या पाठीवरच्या खिशात ती आता ताशी पस्तीसने मैदानाला फेऱ्या घालत होती.

सिस्टर सोडलेल्या पट्ट्यांच्या एकेक करून घड्या घालू लागल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे घड्या घालणं तपासनिसांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

फेऱ्या पाच होत्या, दर फेरीला सायकली फाटकासमोरून जायच्या. तपासनीस मार्गाकडेच्या दोरीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पसरला. भिंगरी आली, नववी होती. तिने बापाचा पसरलेला तळहात पाहिला, त्यावर सणसणीत टाळी दिली आणि पुढे गेली.

"ओरडून सांगा ना," वॉचमन म्हणाला. "किल्ली टाक म्हणावं."

तपासनिसांनी तोंड उघडलं.

"एका हाताने खिसा चाचपेल," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "वेग जाईल. दहा सेकंद तरी."

दहा सेकंद म्हणजे काय, ते तपासनिसांनाही माहीत होतं. एरवी शर्यत सुरू झाली की हा माणूस गाडीत जाऊन बसायचा, काच वर करून, पेपरमागे. त्यांना बघवायचं नाही. आज बसायला गाडी नव्हती असं नाही, पण तिच्याभोवती चौदा वाहनांचे चालक जमले होते. तपासनिसांनी तोंड मिटलं. पसरलेला हात मात्र खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या फेरीला टाळी. तिसऱ्या फेरीला ती आठवी, टाळी. "मीच सांगतो," म्हणून वॉचमन दोरीकडे निघाला तेव्हा सिस्टरनी त्याची बाही धरली. जोरात नाही, सुई टोचताना पेशंटचा दंड धरतात तेवढीच. बसचा कंडक्टर खाली उतरून आला होता, त्याला कुणीतरी काय झालंय ते सांगितलं. तो जाऊन ड्रायव्हरशी बोलला आणि बसचा भोंगा बंद झाला. चौथ्या फेरीला ती सातवी होती आणि शेवटच्या फेरीला फाटकासमोर तपासनिसांबरोबर कंडक्टर, तीन चालक आणि वॉचमन असे ओळीने हात पसरून उभे होते. तिने सगळ्यांना टाळ्या दिल्या नाहीत. फक्त पहिल्याला दिली.

सहावी आली. सहाव्या आणि सातव्या सायकलीत एका चाकाचं अंतर होतं.

ती चालत आली, चेहरा मिठाने पांढरा झालेला. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पाचही फेऱ्या बाहेर उभे होतात. मला वाटलं, आज तरी तुमच्यासमोर हरायचं नाही." मग तिचा हात सहज पाठीमागे गेला आणि ती थबकली. "अरे, कडी माझ्याकडेच राहिली. तुम्हाला लागली तर नाही ना?"

वॉचमनने तोंड उघडलं. सिस्टरनी त्याच्याकडे, भेटीची वेळ संपल्यावर वॉर्डात रेंगाळणाऱ्यांकडे बघतात तसं पाहिलं. तोंड मिटलं.

तपासनिसांनी किल्ली घेतली. ती घामाने ओली होती. मागे चौदा वाहनं गप्प उभी होती.

"छे गं," ते म्हणाले. "कशाला लागतेय."