सोसायटीच्या फोनला पाणी

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गावच्या विकास सोसायटीला फोन मंजूर झाला, तेव्हा सेक्रेटरी मल्लिनाथला वाटलं, सुटलो एकदाचे. गावची विहीर आटलेली. टँकर मागायचा तर एसटीनं तालुक्याला जायचं, अर्ज द्यायचा. मल्लिनाथ परत येईपर्यंत टँकर दुसऱ्याच गावाला गेलेला असायचा. फोन आला की यंत्राची मूठ फिरवायची आणि बसल्या जागी बोलायचं.

पण यंत्र आणि तार तेवढी टेलिफोन खात्याची, बाकी सामान सोसायटीनं आणायचं. लाईनमन गुलाबनं यादी हातात दिली: एक सागवानी फळी, सहा फुटी लोखंडी पाईप, पोतंभर कोळसा, वीस किलो खडेमीठ. पाईप मल्लिनाथनं पिठाच्या गिरणीवाल्याच्या हातापाया पडून आणला. कोळसा लोहारानं दिला, तोही चार शिव्या घालून. फळी कुठं मिळेना, तेव्हा सोसायटीच्या कपाटाचं दार काढलं. ऑफिसामागं खड्डा खणून त्यात पाईप उभा केला, कोळसा-मीठ भरलं.

"झालं का, गुलाबभाई?"

"झालं. आता पानी टाका."

"कसलं पानी?"

"अर्थिंगला. जमीन वली पायजे, तवाच आवाज जातो. दोन घागरी सकाळी, दोन सांजच्याला."

मल्लिनाथ खड्ड्याच्या काठावरच बसला. "आरं बाबा, पानी न्हाय म्हणून तर फोन घेतलाय!"

"ते खातं येगळं," गुलाब म्हणाला आणि सायकलीवर बसला.

मग मल्लिनाथ घागर घेऊन दारोदार फिरू लागला. नागूबाईनं त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"माझ्या सुनंच्या बाळंतपणाला पानी न्हाय अन् तुझ्या खड्ड्याला पाजू? खड्डा बाळंत व्हनार हाय का?"

"मावशी, चार दिस. फोन लागला की टँकर दारात."

"न्हाय लागला तर?"

"तर मला ढकला त्या खड्ड्यात."

"अन् तुला धुयाला पानी कुठनं आनू?"

तरी तिनं तांब्याभर दिलं. कुणी तांब्या, कुणी वाटी, असं करत खड्डा भिजला. गावातली कुत्री येऊन त्या ओलीत पसरली, ती हाकलली तरी उठेनात.

पाचव्या दिवशी फोन लागला. सगळं गाव ऑफिसात जमलं. मल्लिनाथनं मूठ फिरवली आणि तालुक्याच्या टंचाई कारकुनाचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला.

"भाऊसाहेब, गाव पान्यावाचून मरायलंय. आजच्या आज टँकर धाडा."

"काय साफ आवाज हो तुमचा! खरखर न्हाय, काय न्हाय."

"व्हय, व्हय!" मल्लिनाथची छाती फुगली.

"म्हंजी वल हाय तुमच्या जमिनीत. कोरड्या गावचे फोन नुसते खरखरतेत, एक अक्षर कळत न्हाय. टँकर तिकडं धाडायलोत आमी."

मल्लिनाथनं नागूबाईकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. मग त्यानं गळ्यातला रुमाल काढला, फोनच्या तोंडात कोंबला आणि घशातून खरखर काढत तो म्हणाला,

"भाऊ... ख्र्र... टँक... ख्र्र... मरायलो..."

"घसा बसलाय वाटतं, सेक्रेटरी," पलीकडून आवाज आला, अगदी स्वच्छ. "कोमट पानी प्या भरपूर."