चारशे तेरावा अपघात

सरत्या वर्षाच्या अहवालात एक अपघात जास्त निघाला आणि वाहतूक शाखेतल्या आकडेभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. कारणांनुसार बेरीज चारशे तेरा, चौक्यांनुसार चारशे बारा. आणि चार वाजता अहवाल छपाईला जायचा होता.

"एका अपघाताने काय आभाळ कोसळतंय?" टायपिस्टबाई म्हणाल्या.

"बाई, अख्खा अहवाल कुणी वाचत नाही. बेरीज मात्र सगळे तपासतात!"

फॉर्मचे गठ्ठे उपसून दुपारी त्यांनी तो अपघात हुडकून काढलाच. काचा नेणारा टेम्पो गाद्यांच्या हातगाडीवर आदळला होता. माणूस सोडाच, काचही तडकली नव्हती. जागा: पुलाचा मध्य. पुलाच्या अलीकडे एक चौकी, पलीकडे दुसरी.

त्यांनी अलीकडे फोन लावला.

"टेम्पो इकडून गेला खरा, पण आदळला पलीकडे," तिथले हवालदार म्हणाले.

पलीकडचे हवालदार त्याहून वस्ताद. "धक्का त्यांच्या हद्दीत बसला, गाद्या तेवढ्या आमच्याकडे पडल्या. आमचे अपघात कसेबसे घटलेत हो, कशाला दृष्ट लावता?"

"मग काय हवेत झाला अपघात?" आकडेभाऊ ओरडले, तोवर फोन ठेवलेला होता.

शाखेच्या अधीक्षकबाईंनी मान वर न करता हुकूम सोडला, "जागेवर जाऊन हद्द मोजा. दोघांनाही बोलवा."

पुलाच्या मधोमध स्कूटर लावून आकडेभाऊ टेप घेऊन रस्त्यावर ओणवे झाले. दोन्ही हवालदार टेपची टोकं आपापल्या सोयीने ओढू लागले. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ.

"ही स्कूटर कुणाची?" अलीकडच्याने अचानक विचारलं.

"माझी. का?"

"पुलावर गाडी उभी करायला बंदी आहे." त्याने खिशातून पावतीपुस्तक काढलं.

"ए, थांब!" पलीकडचा धावला. "स्कूटर माझ्या हद्दीत आहे. गुन्हा माझा!"

"चाक बघ की, चाक!"

आकडेभाऊंचा संताप अगदी टाळूपर्यंत चढला. अपघात दोघांनाही नको, गुन्हेगार मात्र दोघांनाही हवा! अपघात घटले पाहिजेत आणि शिक्षा वाढल्या पाहिजेत, हे गणित दोघांनाही तोंडपाठ होतं. आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"गुन्हा कबूल!" ते टेप गुंडाळत म्हणाले. "पण माझा गुन्हा ज्याला हवा, त्याने तो अपघातही घ्यायचा. सही करून."

अलीकडच्याने मनातल्या मनात हिशोब केला. "आमच्या शिक्षा फारच कमी आहेत," तो पुटपुटला. "द्या, अपघात माझा."

चारला पाच मिनिटं कमी असताना अहवाल छपाईला गेला.

आठवड्याने स्कूटरच्या त्या गुन्ह्यासाठी आकडेभाऊ कोर्टात उभे राहिले.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एकदम कबूल, साहेब!"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं. "अहो, इथे लोक रडकुंडीला येतात. तुम्ही हसताय कशाला?"

"साहेब," आकडेभाऊ हात जोडून म्हणाले, "बेरीज जुळली!"